बारा सेकंदांचा अंगरखा

कपडा किती वर्षं टिकेल, हा आमच्या घरातला जुना प्रश्न. अब्बांनी इचलकरंजीत चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं. लग्नाची शेरवानी असो की शाळेचा गणवेश, गिऱ्हाईक एकच विचारायचं, "टिकेल ना मास्टर?" उत्तर वर्षांत द्यायचं. मी पुढे सुताच्या धंद्यात गेलो, तिथेही हिशेब वर्षांचाच. पण टिकणं सेकंदांत मोजतात असाही एक कपडा असतो, आणि त्या दहा-बारा सेकंदांसाठी लोक पन्नास हजारांपासून लाखापर्यंत पैसे मोजतात, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. हा कपडा म्हणजे मोटार शर्यतीत उतरणाऱ्या ड्रायव्हरचा सूट.

तो आमच्या घरात शिरला आपाच्या धाकट्या मुलामुळे. पोरगा शाळेत असल्यापासून कोल्हापूरच्या ट्रॅकवर कार्टिंग करायचा. कोल्हापुरात या खेळाचं वेड जुनं आहे, इथल्या पोरांनी देशाबाहेर जाऊनही गाड्या पळवल्या आहेत. त्यामुळे पोरगा कार्टमध्ये बसतो याचं कुणाला फार नवल वाटलं नाही. मग तो कोईमतूरला कारी मोटार स्पीडवेवर प्रशिक्षणाला जाऊन आला आणि म्हणाला, आता फॉर्म्युला एलजीबी ४ मध्ये उतरायचं. ही एकाच माणसाची, उघड्या चाकांची, मारुतीच्या इंजिनावर पळणारी छोटी रेसगाडी. आपानं दोन रात्री झोप घेतली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं परवानगी दिली, पण एका अटीवर: "अंगावर काय घालायचं ते तू ठरवायचं नाहीस. मामू ठरवेल. कपड्यातलं त्याला कळतं."

मला कपड्यातलं कळतं हे खरं, पण आगीतलं कळत नव्हतं. म्हणून आधी ते समजून घेतलं.

पहिली गोष्ट समजली ती अशी की 'रेसिंग सूट' नावाची एकच वस्तू नसते. मोटारसायकलवाल्याचा चामड्याचा सूट घसरण्यासाठी असतो. माणूस गाडीवरून पडतो आणि डांबरावर घासत जातो, तिथे जाड चामडं हवं. कार्टिंगचा सूटही घासण्यासाठीच असतो. कार्टला पट्टा नसतो, उलटली तर माणूस बाहेर फेकला जातो, म्हणून त्याच्या सुटाचं वरचं कापड नायलॉनसारख्या चिवट धाग्याचं असतं. मोटारीत मात्र ड्रायव्हर सहा पट्ट्यांनी सीटला बांधलेला असतो. तो पडत नाही. त्याला भीती असते ती पेट्रोलची. तिथे नायलॉन नकोच, कारण नायलॉन वितळतं आणि कातडीला चिकटतं. भाच्याकडे कार्टिंगचा चांगला महागाचा सूट होता. दिसायला अगदी टीव्हीवरच्या ड्रायव्हरसारखा. "हाच चालवू या की मामू, फिटिंगपण बसलंय," तो म्हणाला. पण ज्या सुटानं कार्टमध्ये कोपर वाचवलं, तोच गाडीत आग लागली तर अंगाला चिकटला असता. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन कपड्यांत इतका फरक असतो. घरात दुसरं मूल या खेळात असेल तर एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी.

दुसरी गोष्ट इतिहासातून समजली. १९५० च्या दशकात मोठमोठे ड्रायव्हर साध्या सुती शर्ट-पॅंटमध्ये शर्यत पळत. आगीला उपाय म्हणून अमेरिकेत कपडे रसायनाच्या पाण्यात बुडवून वाळवण्याची पद्धत होती. कपडा कडक व्हायचा, अंगाला चावायचा, पण लवकर पेट घ्यायचा नाही. ग्लेन रॉबर्ट्स नावाचा एक नामांकित ड्रायव्हर होता. बेसबॉल खेळताना वेगवान चेंडू टाकायचा म्हणून त्याला 'फायरबॉल' म्हणत. त्याला दमा होता आणि त्या रसायनाचा त्रास व्हायचा, म्हणून तो तसे कपडे वापरत नसे. २४ मे १९६४ ला शार्लटच्या शर्यतीत त्याची गाडी उलटली आणि पेटली. तो २ जुलैला वारला. त्याच आठवड्यात, ३० मे रोजी, इंडियानापोलिसच्या शर्यतीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोघे आगीत गेले.

रॉबर्ट्सची गोष्ट वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा तो विचार आला जो पुढे सगळ्या निवडीत कामी आला. त्या माणसाला संरक्षण उपलब्ध होतं. पण ते त्याच्या शरीराला सोसत नव्हतं, म्हणून अपघाताच्या दिवशी ते त्याच्या अंगावर नव्हतं. कपडा कितीही मजबूत असो, जो अंगावर ठेववत नाही तो वाचवत नाही. सुखकर असणं ही चैन नाही, ते संरक्षणाचाच भाग आहे.

उपाय याच दशकात निघाला. ड्यूपॉन्ट कंपनीनं नोमेक्स नावाचा धागा काढला. याला रसायनात बुडवायला लागत नाही, न पेटण्याचा गुण धाग्याच्या घडणीतच असतो. ज्योत लागली की तो वितळत नाही, थेंब पडत नाहीत. तो काळा पडतो, किंचित फुगतो, जाड होतो आणि आच आत जायला वेळ लावतो. बिल सिम्पसन नावाच्या अमेरिकन माणसानं याचे सूट शिवून ड्रायव्हरांना द्यायला सुरुवात केली आणि लोकांची खात्री पटावी म्हणून स्वतः तो सूट घालून स्वतःला पेटवून दाखवलं. १९६७ च्या इंडियानापोलिस शर्यतीत नोमेक्स सर्रास दिसू लागलं. आज बहुतेक चांगल्या सुटांत हाच धागा किंवा त्याच्या कुळातले दुसरे धागे असतात.

आता आमच्या घरातली गोष्ट. ऑनलाइन एका दुकानात 'संपूर्ण फायरप्रूफ, अतिशय हलका' असा सूट भाच्याला सापडला होता. किंमत इतरांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. मी त्या दुकानाकडे कापडाचा नमुना मागितला. तळहाताएवढा, वरचं कापड आणि अस्तर शिवलेला तुकडा आला. अब्बा आता ऐंशीला टेकले आहेत, पण कापड हातात आलं की त्यांचे डोळे अजून बारीक होतात. त्यांनी तुकडा उसवला, वरचा पदर आणि अस्तर वेगळं केलं आणि भाच्याला काडेपेटी आणायला सांगितली. सुताच्या बाजारात खरं-खोटं असंच बघतात. सुताला जळलेल्या कागदाचा वास येतो, लोकरीला जळलेल्या केसांचा, आणि पॉलिस्टरची काळी कडक गुठळी होते.

वरचं कापड काळं पडलं आणि विझलं. सुती कापडाला रसायन लावलं होतं, तेवढं काम त्यानं केलं. मग अब्बांनी अस्तर चिमट्यात धरलं. ते आकसलं, थेंब झाला आणि थेंब पेटताच परातीत पडला. अब्बा काहीच बोलले नाहीत. गार झालेली गुठळी त्यांनी नातवाच्या तळहातावर ठेवली. "ये तेरे चमडे पे लगती," एवढंच म्हणाले.

भाच्यानं तो सूट पुन्हा काढला नाही.

हा प्रकार घरी करून बघा असं मी म्हणणार नाही. काडेपेटीवर खोटं कापड पकडता येतं, पण खरं कापड किती खरं आहे हे कळत नाही. त्यासाठी लेबल बघायचं. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचं, म्हणजे एफआयएचं सध्याचं मानक ८८५६-२०१८ आहे. सुटाच्या कॉलरमागे हा क्रमांक भरतकामानं घातलेला असतो आणि सोबत होलोग्राम असतो. या मानकाच्या चाचणीत कापडाच्या एका बाजूला ज्योत धरतात आणि दुसऱ्या बाजूचं तापमान २४ अंशांनी वाढायला किती सेकंद लागतात ते मोजतात. सुटासाठी किमान १२ सेकंद. अमेरिकेत एसएफआय नावाची दुसरी पद्धत आहे. तिथे दुसऱ्या पायरीचा भाजका फोड यायला किती वेळ लागेल यावर श्रेणी ठरते. सगळ्यात खालची ३.२ए/१ श्रेणी साधारण ३ सेकंदांची, तर ३.२ए/५ साधारण १० सेकंदांची. दोन्ही चाचण्यांची रीत वेगळी, त्यामुळे इथले सेकंद आणि तिथले सेकंद शेजारी ठेवून तुलना करू नये. आपल्या स्पर्धेच्या नियमात कोणतं मानक लिहिलंय ते आधी बघावं. आणखी एक, २०१८ च्या मानकाच्या सुटावर मुदतीची तारीख असते, बनवल्यापासून दहा वर्षांची. कुणाचा वापरलेला सूट स्वस्तात मिळत असेल तर ती तारीख आधी वाचावी.

लेबल हा पाया झाला. लेबल असलेल्या सुटांतून निवड कशी करायची हा पुढचा आणि जास्त अवघड भाग. कारण तिथे सगळेच 'हलका' म्हणतात.

मला हलकेपणाचे दोन प्रकार दिसले. एक प्रामाणिक, एक लबाड. लबाड हलकेपणा काहीतरी काढून टाकून येतो: एक पदर कमी, आत पॉलिस्टरचं अस्तर, धागा साधा. प्रामाणिक हलकेपणा चांगलं काहीतरी घालून येतो. बारीक काउंटचं सूत वापरलं की तेवढ्याच संरक्षणाचं कापड कमी जीएसएममध्ये विणता येतं. तीन जाड पदरांऐवजी दोन पदर आणि मध्ये हवा धरून ठेवणारं रजईसारखं आतलं कापड असेल, तर वजन उतरतं पण आच अडते. कारण आच अडवण्याचं अर्धं काम कापड करतं आणि अर्धं कापडांमधली हवा. गोधडी जाड कापडानं नाही, थरांनी ऊब धरते, तसंच. प्रायोजकांची नावं भरतकामाऐवजी छापून घेतली तरी बराच भार कमी होतो. भरतकामाबाबत तर नियमच आहे: ते फक्त सर्वांत वरच्या पदरावर करायचं. सुई सगळ्या पदरांतून गेली तर पदर एकमेकांना आवळले जातात, मधली हवा जाते आणि आच थेट आत येते. बिल्ले लावायचे तर त्यांचा धागाही न जळणारा लागतो. आपल्याकडे बाजारात कुठल्याही मशिनवाल्याकडून सुटावर नाव काढून घेणारी पोरं असतात, त्यांच्यासाठी हे सांगतो.

दोन प्रमाणित सूट आम्ही मागवून बघितले. यार्नच्या काट्यावर एक पावणेदोन किलोच्या आसपास भरला, दुसरा किलोहून थोडा जास्त. दोघांचं मानक एकच. किमतीत जवळजवळ दुप्पट फरक. सातशे ग्रॅमसाठी एवढे पैसे कशाला, असं आपाला वाटणं साहजिक होतं. मी अब्बांना दोन्ही सूट दिले.

त्यांनी भाच्याला उभं करून मापं बघितली नाहीत. "ये खडे रह के पहनने का कपडा नहीं," म्हणाले, आणि त्याला जमिनीवर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसवलं. हात पुढे करून स्टिअरिंग धरल्यासारखं करायला लावलं. जड सूट लगेच बोलू लागला. खांदे वर ओढले गेले, कमरेत चुणी पडली, गुडघ्यामागे कापड गोळा झालं, पायाची मोहरी घोट्याच्या वर सरकली. घोट्याचा तो उघडा पट्टा अब्बांनी बोटानं दाखवला. बसल्यावर मोजे दिसता कामा नयेत, नाहीतर आग तिथून आत येते. हलक्या सुटात असं झालं नाही. का, ते बघायला अब्बांनी तो उलटा केला आणि काखेत हात घालून हसले.

"ये तो अपनाच चौबगला है रे!"

कुर्त्याच्या, अंगरख्याच्या काखेत जो चौकोनी तुकडा बसवतात तो चौबगला. हात वर केला तरी कुर्ता कमरेतून वर येत नाही तो याच्यामुळे. शेरवान्या शिवून आयुष्य गेलेल्या माणसाला इटलीत शिवलेल्या रेसिंग सुटात तो सापडला. फक्त इथे तो ताणला जाणाऱ्या, न जळणाऱ्या विणीच्या कापडाचा होता. तसाच एक पट्टा पाठीत कमरेच्या वर होता आणि एक गुडघ्यांमागे. शिवणी चपट्या होत्या आणि खांद्यावरून पुढे सरकवलेल्या, म्हणजे पट्टे आवळल्यावर त्या हाडावर दाबणार नाहीत. खांद्यावर दोन पट्ट्या होत्या, लष्करी गणवेशावर असतात तशा. मला वाटलं शोभेच्या. भाच्यानं सांगितलं, त्या धरून बेशुद्ध ड्रायव्हरला गाडीतून उपसून काढतात. माणसाचं पूर्ण वजन पेलतील अशा त्या शिवलेल्या असतात. आपा हे ऐकत दारात उभी होती. ती आत निघून गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन आली आणि म्हणाली, "दुसरा घ्या."

मी तिला अर्थ समजावायची गरज पडली नाही. ती कापडाचे ग्रॅम मोजत नव्हती. पोरगा त्यात नीट बसू शकतो आणि कुणीतरी त्याला त्यातून उचलून काढू शकतो, एवढं तिनं बघितलं होतं.

उकाड्याचा मुद्दा मात्र अजून बाकी होता, आणि आपल्या हवेत तोच सगळ्यात मोठा. कोईमतूर, चेन्नई इथल्या दुपारी ट्रॅकवर सावली नसते. ड्रायव्हरच्या अंगावर पूर्ण बाह्यांचे न जळणारे आतले कपडे, त्यावर सूट, डोक्यावर बालाक्लावा, त्यावर हेल्मेट, हातमोजे, मोजे, बूट. पाठीमागे तापलेलं इंजिन. हा त्रास फक्त नवशिक्यांना होतो असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारच्या फॉर्म्युला वन शर्यतीत लोगन सार्जंटला उकाड्यानं शर्यत अर्धवट सोडावी लागली, एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, आणि लान्स स्ट्रोलची शुद्ध हरपता हरपता राहिली. रात्रीची शर्यत असून ही गत. त्यानंतर एफआयएनं थंड द्रव फिरणाऱ्या नळ्यांची बंडी आणली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरला पहिल्यांदा 'उष्णतेचा धोका' अधिकृतपणे जाहीर झाला. एवढ्या श्रीमंत खेळालाही हे कळायला एक कतार लागलं: घामानं गळून गेलेला ड्रायव्हर चुकतो, आणि चुकलेला ड्रायव्हर भिंतीवर जातो. सूट आगीपासून वाचवतो, पण तोच सूट ड्रायव्हरला थकवून आगीपर्यंत नेऊही शकतो.

लहान स्पर्धांत थंड बंडी कुठून येणार? तिथे पोरं वेगळाच उपाय करतात. आतले कपडे घालत नाहीत. सुटाखाली साधा टी-शर्ट घालतात, आणि तो बऱ्याचदा घाम सुकवणारा पॉलिस्टरचा. तपासणीला आतले कपडे दाखवायचे आणि नंतर काढून ठेवायचे, असंही चालतं म्हणे. रॉबर्ट्सची गोष्ट पुन्हा तीच. नियम स्पष्ट आहे की कातडीला लागून न जळणारं नसलेलं कृत्रिम कापड चालत नाही. पण जड सुटात जीव घुसमटायला लागला की नियम मागे पडतो. म्हणूनच वाचवायचे पैसे सुटात वाचवू नयेत असं माझं मत झालं. सूट हलका असला तर पोरगा आतला पदर काढणार नाही.

आम्ही एक काम आणखी केलं. रंगीबेरंगी, नक्षीदार सुटाऐवजी साधा एकरंगी घेतला आणि वाचलेल्या पैशांतून आतल्या कपड्यांचे दोन जोड घेतले. सकाळच्या सरावात एक जोड घामानं पिळून निघतो. दुपारच्या शर्यतीला तोच ओला जोड घातला तर अंग सोलवटतं, आणि ओल्या कापडातून आचही लवकर आत येते. कोरडा जोड ही सगळ्यात मोठी सोय आहे.

आता नानीच्या तावीजाबद्दल. अम्मीनं पोराच्या गळ्यात लहानपणापासून चांदीच्या डबीतला तावीज घातलेला. तो काढायचा म्हटल्यावर घरात शांतता पसरली. शर्यतीत गळ्यात धातूची साखळी किंवा अंगात टोचलेला दागिना चालत नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. धातू तापतो आणि कातडीला डाग देतो, शिवाय तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या आड येतो. २०२२ मध्ये सात वेळा जगज्जेता झालेल्या लुईस हॅमिल्टनलाही नाकातल्या चमकीवरून यासाठी बराच वाद घालावा लागला होता. काळ्या दोऱ्यात ओवला तरी प्रश्न सुटत नाही, आजकाल तो दोराही पॉलिस्टरचाच असतो. मी अम्मीला हॅमिल्टनची गोष्ट सांगितली नाही. तिला उंटाची गोष्ट सांगितली, जी तिनंच आम्हाला लहानपणी सांगितली होती: एकानं विचारलं, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का? उत्तर मिळालं, आधी बांध, मग भरवसा ठेव. अम्मी थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं तावीज स्वतःच्या हातानं काढला आणि विचारलं, "तो गाडीत असेल तेव्हा हा माझ्या हातात धरला तर चालेल ना?" त्याला कुठल्या नियमाची आडकाठी नव्हती.

माझ्या मुलीनं दुसरंच काहीतरी बघितलं. ती अकरावीत आहे, स्कार्फ बांधते. सगळा पोशाख पलंगावर मांडला होता: मनगटापासून घोट्यापर्यंत सूट, गळाबंद कॉलर, बालाक्लावा ज्यातून फक्त डोळे दिसतात. "अब्बू, हे तर माझ्यापेक्षा जास्त झाकलेलं आहे," ती म्हणाली. खरंच होतं. रेसगाडीत बसताना बाई असो की पुरुष, सौदीची रीमा जुफ्फाली असो की कोल्हापूरचा पोरगा, सगळ्यांचं डोकं, केस, मान सारखीच झाकलेली असते. तिथला तपासनीस कुणी का झाकलंय हे विचारत नाही, कॉलरमागचं लेबल बघतो आणि पुढच्याला बोलावतो. पोशाखावरून इतकं ओरडणाऱ्या या दिवसांत मला ते दृश्य बरं वाटलं. पण तिला एक गोष्ट सांगायची राहू दिली नाही. उद्या कुणी मुलगी या खेळात उतरली, तर बालाक्लावाखाली नेहमीचा जॉर्जेटचा किंवा पॉलिस्टरचा स्कार्फ बांधू नये. बालाक्लावा स्वतःच केस आणि मान झाकतो. आणखी पदर हवा असेल तर दुसरा बालाक्लावा घालावा, तोही न जळणारा. पिनाही नकोत.

धुण्याचं तर घरात सगळ्यांनाच शिकावं लागलं. हा सूट ब्लीचमध्ये घालायचा नाही. कपडे मऊ करणारा द्राव टाकायचा नाही, कारण त्याचा थर कापडावर बसतो आणि तो पेटू शकतो. चेन बंद करून, उलटा करून, साध्या साबणात धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. नोमेक्स ज्योतीपुढे टिकतं पण रोजच्या कडक उन्हात त्याचा धागा कमजोर होतो. आपाच्या गच्चीवरची ती चांगली उन्हाची दोरी या एका कपड्याला वर्ज्य आहे. तेल-पेट्रोलचा डाग पडला तर धुतल्याशिवाय पुन्हा घालायचा नाही, डागच वातीचं काम करतो.

एवढं सगळं करून ते बारा सेकंद पुरतील का? हा प्रश्न आपानं कधी उघड विचारला नाही, पण तो तिच्या चेहऱ्यावर असतो. मला त्याचं उत्तर २९ नोव्हेंबर २०२० च्या बहारीनच्या शर्यतीत दिसतं. रोमँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटरच्या वेगानं लोखंडी कठड्याला धडकली, दोन तुकडे झाले आणि पेटली. ज्वाळांतून बाहेर यायला त्याला सुमारे २८ सेकंद लागले. एक बूट गाडीत अडकून राहिला, पाय सोडवून घेऊन तो तसाच निघाला. हात भाजले. बाकी शरीर जवळजवळ वाचलं. प्रयोगशाळेत कपडा एका जागी थेट ज्योतीत धरतात, खऱ्या आगीत माणूस हलतो, ज्वाळा हलतात, आत दुसरा पदर असतो. म्हणून सेकंद सरळ जुळत नाहीत. पण त्या २८ सेकंदांत त्यानं दोन-तीनदा वर निघायचा प्रयत्न केला, अडकला, परत बसला, पाय ओढून काढला, पुन्हा चढला. एवढं वाकणं, वळणं, चढणं त्याला त्या कपड्यात जमलं. आग अडवायला कापड लागलं आणि बाहेर यायला मोकळे हातपाय लागले. सुटाची निवड करताना दोन्ही एकत्र बघायचं असतं ते यासाठी.

आमच्या इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारी माणसं कानात बोळे घालत नाहीत, नाकाला फडकं बांधत नाहीत. मालक म्हणतात, यांना अक्कल नाही. मी त्यांच्यात वाढलो. बोळे घातले तर धागा तुटल्यावर मागाचा बदललेला आवाज ऐकू येत नाही, आणि फडकं बांधलं तर उकाड्यात श्वास घुसमटतो. त्यांना जे दिलं जातं ते त्यांच्या कामाचा आणि शरीराचा विचार करून कुणी शिवलेलंच नसतं. श्रीमंतांच्या खेळात एका चौबगल्यावर आणि सातशे ग्रॅमवर एवढी डोकी खर्च झाली आणि माणसं वाचली. मागावरच्या माणसासाठी तेवढं डोकं कुणी खर्च केलं तर त्याच्याही अंगावर ते दिसेल.

भाचा येत्या मोसमात उतरतोय. बॅग तोच भरतो, पण झाकण लावायच्या आधी आपा एकदा आत बघते आणि मोजते: सूट, दोन जोड आतले, बालाक्लावा, मोजे, हातमोजे, बूट. मग ती चेन ओढते.